चारी बाजू वीस फूट

नाशिकजवळ मखमलाबादकडच्या एका द्राक्षमळ्यात घराचं लाइनआउट, म्हणजे पायाची जमिनीवरची आखणी होती. माझा डिप्लोमा होऊन वर्षही झालं नव्हतं. मिस्त्री यायच्या आत आखणी उरकून ठेवायची, अशी खुमखुमी. पुढचा हॉल 20 बाय 20 चा. एक रेघ रस्त्याला धरून घेतली, दुसरी बांधावरच्या भिंतीला धरून. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, टेप लावला. चारी बाजू बरोबर 20 फूट. बिगाऱ्याला म्हटलं, "मार फक्की." म्हणजे आखणीची पांढरी पूड.

मिस्त्री आले, एका कोपऱ्याशी उकिडवे बसले. "साहेब, हे गुण्यात नाही." म्हणजे कोपरा काटकोनात नाही.

मला राग आला. कोपऱ्या-कोपऱ्यातून दोन दोऱ्या ओढल्या आणि त्या छेदतात तिथे गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी ठेवली. पक्का काटकोन! दोऱ्यांचे अर्धे-अर्धे भागही सारखेच भरले. "आता बोला."

"मधलं कशाला बघता? आख्खी दोरी मोजा ना."

मोजली. एक कर्ण 28 फूट 9 इंच. दुसरा 27 फूट 9 इंच 6 सूत (आठ सूत म्हणजे एक इंच).

कान तापले. चारी बाजू सारख्या असल्या की कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागणारच. तो समभुज चौकोनाचा गुण, चौरस नसला तरी असतोच. म्हणजे जी परीक्षा नापास होणं शक्यच नव्हतं, तीच मी घेतली होती. चौरसाचे कर्ण सारखेही लागतात, बाजूच्या 1.414 पट. वीसाला 28 फूट 3 इंच 3 सूत. शाळेत हे सगळं पाठ होतं बरं का.

मालक आप्पा बाजेवर बसून ऐकत होते. "चारी बाजू वीसच्या, मग बिघडलं काय?"

मिस्त्रींनी त्यांना उठवलं आणि बाजेचा एक कोपरा पायाने रेटला. जुनी, सैल झालेली बाज. लगेच तिरपी झाली. "लाकडं तेवढीच हाईत ना, आप्पा?"

असाच पाया भरला असता तर दोन फुटी टाइल्सच्या शेवटच्या ओळीत आठ इंचांची पाचर निघाली असती. आप्पांनी ती रोज बघितली असती, आणि मला रोज आठवलं असतं.

गुन्हेगार बांधावरची भिंत. रस्त्याची रेघ तशीच ठेवली. तिच्यावर कोपऱ्यापासून 12 फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूला 16 फुटांवर, आणि दोन खुणांमधली दोरी बरोबर 20 भरेपर्यंत ती बाजू फिरवली. 12-16-20 चा त्रिकोण काटकोनीच. यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथांतल्या, शुल्बसूत्रांतल्या 'शुल्ब'चा अर्थच दोरी. तिथेही चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्र करते असं म्हटलंय. आमच्या मागच्या दोन खुंट्या आठ इंच बाजूला सरकल्या, बाहेर मात्र जेमतेम सूतभर. पुन्हा कर्ण घेतले. दोन्ही 28 फूट 3 इंच 3 सूत.

जुनी फक्की पायाने पुसायला बिगारी लागला. चहा आला तेव्हा आप्पा बाज सरळ करत होते.

"साहेब, हिचेबी कर्ण घ्या की."