सुरतेतली ती दोन मजली कबर

सुरत म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, महाराजांनी केलेली लूट. जानेवारी १६६४, सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला आणि शहर मोकळं पडलेलं, हे आपण शाळेपासून वाचत आलोय. पण त्या दिवसांत इंग्रजांच्या वखारीत जो मुख्य माणूस होता, ज्याने वखार सोडली नाही, मूठभर माणसं घेऊन ती लढवली, त्याची कबर आजही सुरतेत उभी आहे हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांचं जुनं कबरस्तान आहे तिथे. सर जॉर्ज ऑक्झेंडन. (रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आला तो हेन्री ऑक्झेंडन, तो वेगळा, आडनावामुळे खूप जणांची गल्लत होते.)

आत गेल्यावर पहिल्यांदा वाटतं की आपण चुकून कुठल्यातरी नवाबाच्या मकबऱ्यात आलोय. क्रॉस, परी, पांढरा संगमरवर असलं काही मनात धरून गेलात तर तसं नाहीच. घुमट आहेत, कमानी आहेत, जाडजूड खांब आहेत, विटांचं बांधकाम आणि वर चुन्याचा गिलावा. ऑक्झेंडनची वास्तू साधारण ४० फूट उंच, २५ फूट व्यासाची, एकावर एक असे दोन घुमट आणि वरच्या सज्जात जायला जिना. आधी १६५९ मध्ये त्याचा भाऊ क्रिस्तोफर सुरतेतच वारला, त्याचं घुमटाचं थडगं इथे बांधलेलं होतं, मग दहा वर्षांनी १४ जुलै १६६९ ला जॉर्ज गेला तेव्हा भावाच्या कबरीला धरूनच ही मोठी वास्तू उभी राहिली.

क्रिस्तोफरच्या लॅटिन लेखात काय लिहिलंय ते कळलं तेव्हा मी खरंच थांबले. सगळा लेख व्यापाऱ्याच्या वहीच्या भाषेत आहे. म्हणजे त्याला हिशेबात वर्षं मांडताच आली नाहीत, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने अचानक हिशेबाला बोलावलं. आणि पुढे मालकांनाच विचारलंय की तुमचा तोटा किती नि नफा किती, तर तुमचा एक नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला, पण मरण हा त्याला लाभच झाला असं तो लिहू शकतो. घरापासून हजारो मैल लांब, वखारीत रात्रंदिवस जमाखर्च लिहिणारी ती माणसं, दोस्त गेल्यावर त्यांना हीच भाषा सुचली. इतका खरा मृत्युलेख मी दुसरा वाचलेला नाही.

आता प्रश्न असा की लंडनच्या व्यापाऱ्याला घुमट कशाला हवा? माझं मत असं की हे सगळं पाहणाऱ्यांसाठी होतं. मोगलांच्या राज्यात माणसाचा मान थाटावरून ठरायचा, वखारीचा प्रेसिडेंट बाहेर पडला तरी निशाण, घोडे, कर्णे असा लवाजमा निघायचा, मग मेल्यावर साधी फरशी टाकून कसं चालेल. ज्या शहरात मोठ्या माणसाची कबर म्हणजे घुमट, तिथे यांनीही घुमटच बांधला, आणि मला वाटतं बांधणारे गवंडीही इथलेच असणार, त्यांच्या हाताला जे वळण होतं तेच या कबरींना आलं. १६६४ नंतर औरंगजेबाने ऑक्झेंडनला मानाचा पोशाख पाठवला आणि इंग्रजांना जकातीत सवलत दिली, म्हणजे दरबारी मान त्याला जिवंतपणीच मिळाला होता, कबर त्याला साजेशी झाली एवढंच. महाराज १६७० मध्ये परत सुरतेवर आले तेव्हा तो या घुमटाखाली होता.

डच लोक मागे राहतील कसे! थोड्याच अंतरावर त्यांचं कबरस्तान, शेजारी आर्मेनियन लोकांचं. डचांकडे सगळ्यात भव्य कबर हेंड्रिक ॲड्रियान व्हॅन रीडची, तिलाही दुहेरी घुमट, खाली आणि वर सज्जा, देखणे खांब, आणि एकेकाळी भिंतींवर चित्रं, बायबलातली वचनं, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होतं. इंग्रजांवर मात करायची म्हणूनच ही एवढी मोठी बांधली असं सांगतात आणि दोन्ही पाहिल्यावर ते पटतं. चित्रं नि लाकूडकाम गेलं याचं मला फार वाईट वाटतं, कारण नुसता सांगाडा बघून त्या जागेचा मूळ रंग डोळ्यापुढे येत नाही.

आणि हा व्हॅन रीड आपल्याला परका नाही. डच कंपनीचा मलबारातला अधिकारी, त्याने तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला, १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या वैद्याने माहिती दिली, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी, त्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात चक्क नागरी लिपीत छापलंय. आपली अक्षरं युरोपातल्या छापील पुस्तकात, तेही सतराव्या शतकात! तो माणूस डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना जहाजावरच मुंबईजवळ वारला, आणि जानेवारी १६९२ मध्ये त्याला इथे पुरलं.

दोन्ही जागा पुरातत्व खात्याच्या संरक्षणात आहेत. सुरतेला लोक साड्या घ्यायला जातात, जेवायला जातात, त्यातला एक तास इकडे द्या, सकाळी जा, उन्हं तिरकी असताना कमानींच्या सावल्या छान पडतात, आणि आधी क्रिस्तोफरकडे जा, जॉर्जकडे नंतर.