तुम्ही विचारलंत म्हणून: दोन लेकरं आणि एक स्ट्रोलर

"दुसरं येतंय, डबल स्ट्रोलर घेऊ का? आणि घ्यायचा तर कुठला?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय (हल्ली बाबालोकही विचारतात, बरं वाटतं) की म्हटलं एकदाच बसून लिहून काढावं, पुढच्या वेळी हेच पुढे केलं की काम झालं.

माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो कारण मी मॉडेलचं नाव सांगतच नाही, उलट मीच विचारत बसते की थोरलं केवढंय, चालतं किती, आणि दमलं की काय करतं. सगळे जण येणाऱ्या बाळाकडे बघून बाबागाडी, म्हणजे हा स्ट्रोलर, निवडतात हो, पण बाळाचं गणित सोपं असतं. मान धरून स्वतःचं स्वतः बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले सहा महिने, त्याला सपाट झोपायला जागा हवी, सीट पूर्ण आडवी होणारी हवी नाहीतर वर कॅरीकॉट (बाळाला सपाट झोपवायची टोपली) बसणारा हवा, आणि यात तडजोड नाही, कारण उभट सीटमध्ये एवढ्याशा बाळाची मान पुढे कलंडते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. कारसीट काढून तशीच फ्रेमवर बसवतात तेही थोड्या वेळापुरतं ठीक, त्यात तासन्‌तास झोपवायचं नाही. झालं बाळाचं. बाकी सगळा निकाल थोरलं लावतं.

थोरलं तीनच्या पुढे गेलं असेल तर माझं सरळ म्हणणं, डबलच्या नादी लागू नका. आहे त्या गाडीला मागे उभं राहायचा चाकांचा बोर्ड लावा. बहुतेक बोर्ड वीसेक किलोपर्यंतचं मूल घेतात, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बोर्ड चालतो का ते आधी वाचा. एक मात्र सांगून ठेवते, बोर्डवर पोरगं उभं असलं की तुमचा पाय पूर्ण टाकताच येत नाही, दर चार पावलांनी नडगी बोर्डाच्या कडेवर आपटते, मग आपण आपोआप ढुंगण मागे काढून हात लांब करून चालायला लागतो आणि घरी येईपर्यंत कंबर बोलायला लागते. हँडल मागे लांब करता येत असेल तर हा त्रास बराच कमी होतो, त्यामुळे दुकानात बोर्ड लावूनच चालून बघा, नुसता बघून घेऊ नका.

खरी पंचाईत दीड ते अडीचची. हे वय म्हणजे जाताना हरिण आणि येताना पोतं. चालतंय की आता, असं म्हणून सिंगलवर भागवायला जावं तर परतीच्या वाटेवर एक गाडीत, एक कडेवर आणि गाडी ढकलायला हात कुठनं आणणार? अशा वेळी मी बाळ अंगाला बांधायचे आणि थोरल्याला गाडीत बसवायचे. पहिल्या काही महिन्यांत हे इतकं छान जमतं की डबल घ्यायची घाई करूच नये असं माझं मत, बाळाला छातीशी झोप लागते, थोरल्याला त्याची जागा गेली असं वाटत नाही, आणि दारातून लिफ्टमधून कुठूनही जाता येतं. फक्त बाळंतपणानंतर कंबर किंवा टाके दुखत असतील तर हा उपाय बाद, उगाच शूरपणा नको.

जुळी असतील किंवा दोघांत अंतर दीड वर्षाच्या आत असेल तर मात्र डबल लागतोच. मग शेजारी-शेजारी की पुढे-मागे? माझं मत शेजारी-शेजारीच्या बाजूने. वळते पटकन, दोघांनाही समोरचं दिसतं, आणि दोन्ही सीट सारख्याच असतात. पुढे-मागेवाली रुंदीला सिंगलएवढी, पण लांबडी, पायरीवर किंवा फुटपाथवर चढवताना हँडलवर अख्खं वजन टाकावं लागतं, आणि पुढची सीट आडवी केली की बऱ्याच गाड्यांत मागच्याच्या पायांची अडचण होते. शिवाय जी गाडी आधी सिंगल असते आणि नंतर दुसरी सीट जोडून डबल होते, तिच्या दुसऱ्या सीटची वजनमर्यादा पुष्कळदा पहिलीपेक्षा कमी असते. थोरलं कुठल्या सीटवर बसणार हे तिथेच ठरतं, आणि ते विकत घेताना कुणी विचारत नाही.

अर्थात शेजारी-शेजारीची रुंदी साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर, त्यामुळे आधी घरातली टेप काढा. चौकट मोजून उपयोग नाही, दार उघडल्यावर उरलेली मोकळी जागा मोजा, दाराची फळीसुद्धा जागा खाते. लिफ्टचं दारही मोजा. एका बाजूला चौदा किलो आणि दुसऱ्या बाजूला चार असले की गाडी जराशी एकीकडे ओढते, त्याची सवय होते. हात पुरतोय म्हटल्यावर एकमेकांचे केस ओढणं होतं, त्याची होत नाही.

वजनाचं लेबल बघायचं ते पण थोरल्यासाठीच. युरोपातलं मानक, ईएन १८८८, दोन भागांत आहे, पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांचा आणि दुसरा १५ ते २२ किलोचा. तीन वर्षांचं मूल चौदा-पंधराच्या आसपास येतंच, म्हणजे पहिल्या भागात बसणारी गाडी तुमच्या थोरल्याला लवकरच अपुरी पडणार.

आता घडी. घडीची हलकी गाडी काढली ती ओवेन मॅक्लॅरन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने, १९६५ मध्ये, हा माणूस आधी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला, त्यामुळे अॅल्युमिनियमच्या नळ्या छत्रीसारख्या मिटवणं त्याला सुचलं. पण घडी आली म्हणजे बिजागरी आली आणि बिजागरी आली म्हणजे बोटं आली. त्याच्याच नावाच्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची कव्हरं द्यावी लागली होती, मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारी आल्या म्हणून. एकच मूल असतं तेव्हा गाडी मिटताना ते आपल्या कडेवर असतं. दोन असली की धाकटं कडेवर आणि थोरलं गाडीला धरून उभं, नेमकं बिजागरीशीच. म्हणून दुकानात एका हातात काहीतरी जड घेऊन दुसऱ्या हाताने मिटवून बघा, आणि थोरल्याला "आधी हात डोक्यावर" अशी सवयच लावा. डबल उचलूनही बघा, बारा ते सतरा किलो भरतो, डिकीत टाकणारं माणूस कोण आहे त्यानेच उचलावा, ज्याला हौस आहे त्याने नव्हे.

हँडलला पिशव्या अडकवू नका हे सगळे सांगतात पण का ते कळायला दोन मुलं लागतात. पुढचं थोरलं न सांगता टुणकन उतरतं, पुढचं वजन गेलं, मागे पिशव्या लोंबतायत, गाडी बाळासकट मागे कलंडते. पिशव्या खालच्या बास्केटमध्येच. आणि ऊन लागतं म्हणून हूडवर कापड टाकून गाडी पूर्ण झाकू नका, आत हवा कोंडते आणि झपाट्याने तापते. हूडच मोठा बघून घ्या.

शेवटचं, डबल वापरात राहतो तो थोडाच काळ, थोरलं एकदा पायांवर खूश झालं की ती सीट जॅकेटं ठेवायला उरते, त्यामुळे चांगला वापरलेला मिळाला तर लाजू नका. ब्रेक लावून उतारावर ढकलून बघा, पाच पट्ट्यांचा बेल्ट दोन्ही सीटवर घट्ट लागतो का बघा, चाकं हातात धरून हलवा, आणि ते मॉडेल कंपनीने कधी परत मागवलं होतं का ते मॉडेल नंबर टाकून शोधा. नंबर पुसला गेला असेल तर घेऊ नका.