'यायलाच पाहिजे होतं' मधला च

मनातला राग कागदावर उतरवायला बसलं की बहुतेक जण पहिल्याच ओळीत अडखळतात. याला थोडी आपली भाषाही जबाबदार आहे. मराठीत 'वाटणं' हे एकच क्रियापद भावनेलाही चालतं आणि विचारालाही. 'मला वाईट वाटलं' ही भावना. 'मला वाटलं, त्याला आमची किंमतच नाही' हा विचार. वाईट वाटलं ते वाटलं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्याला आपली किंमत आहे की नाही, हे तपासून पाहता येतं. दोन्हीकडे 'वाटलं' आलं की आपण ते तपासायचंच विसरतो.

न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मनोविश्लेषणाची वाट सोडून १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचा सगळा भर या तपासण्यावर आहे. मराठीत ती 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते आणि मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचा पाया असा: घटना थेट भावना निर्माण करत नाही, मध्ये आपला दृष्टिकोन असतो.

एक उदाहरण घेऊ. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दादा आला नाही. ताई तीन आठवडे त्याचा फोन उचलत नाहीये.

वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: घटना, दृष्टिकोन, परिणाम. ताई घटनेत लिहिते, 'दादा बेजबाबदारपणे वागला.' ही घटना नव्हे, हा शेरा झाला. मोबाइलवर व्हिडिओ काढला असता तर त्यात काय दिसलं असतं, तेवढंच लिहायचं: 'मंगळवारी ऑपरेशन होतं. दादा आला नाही. संध्याकाळी त्याचा दोन मिनिटं फोन आला.' मग परिणाम लिहायचा, त्यात भावना आणि वागणं दोन्ही: 'राग, दहापैकी आठ. फोन घेत नाही. वहिनीला टोमणा मारला.'

मधला रकाना सगळ्यात शेवटी भरायचा. 'मला राग का आला?' असं विचारलं की पुन्हा दादाच्या तक्रारी सुरू होतात. त्याऐवजी, त्या वेळी मनात नेमकं कोणतं वाक्य होतं ते आठवायचं आणि बोलीत, जसंच्या तसं लिहायचं. 'दादाने यायलाच पाहिजे होतं. सगळं मीच करायचं का?' दुसरं वाक्य प्रश्न आहे, आणि प्रश्न तपासता येत नाही. त्याचं विधान करायचं: 'सगळं माझ्यावर पडताच कामा नये. पडलं तर मला सोसवणार नाही.'

आता त्यातला 'च' बघा. 'दादाने यायला हवं होतं' ही इच्छा आहे, आणि अगदी रास्त आहे. 'यायलाच पाहिजे होतं' हा हुकूम आहे. हुकूम मोडला की त्यामागून तीन गोष्टी येतात: हे भयंकर झालं, हे मला सहन होत नाही, आणि दादा माणूसच वाईट आहे. विवेकनिष्ठ विचार म्हणजे इच्छा सोडून देणं, असा मोठा गैरसमज आहे. इच्छा तशीच ठेवायची, फक्त च काढायचा.

तो काढण्यासाठी तीन प्रश्न: दादाने यायलाच हवं, असा नियम कुठे आहे? मला हवं होतं म्हणून ते व्हायलाच हवं, हे तर्काला धरून आहे का? हे धरून बसल्याने मला काय मिळतंय? इथे लोक कोर्टात उभं राहिल्यासारखं उत्तर देतात: 'पण त्याचं चुकलंच!' चुकलं असेल. प्रश्न तो नाही. माणसाने चुकताच कामा नये, हा आग्रह कुठून आला, हा प्रश्न आहे. आणखी एक खाचखळगा: 'मी इतकं चिडायलाच नको होतं.' म्हणजे च मागच्या दाराने परत आत. त्याचं वेगळं पान लिहावं.

नवं वाक्य खरं असावं. 'जाऊ दे, काही फरक पडत नाही' हे मन मानत नाही, कारण फरक पडतोच. 'तो यावा असं मला फार वाटत होतं. आला नाही, याचं वाईट वाटतं. पण त्याने माझ्या मनासारखं वागलंच पाहिजे असं नाही, आणि म्हणून तो अख्खा वाईट ठरत नाही.' मग डोळे मिटून तो मंगळवार डोळ्यांसमोर आणायचा, राग पुरता चढू द्यायचा आणि हे वाक्य मनाशी म्हणत त्या रागाची नाराजी करायची. आठाचा राग तीनवर आणायचा, असं नव्हे, भावनाच बदलायची. नाराज माणूस बोलू शकतो, संतापलेला फक्त सुनावतो. हे रोज, महिनाभर.

घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर ही वही बाजूला ठेवा. तिथे आधी सुरक्षितता आणि मदत.

दादाशी बोलताना एकच विषय, एकच मागणी. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द नकोत. 'तू आला नाहीस, मला वाईट वाटलं. पुढच्या शनिवारी चष्म्याचा नंबर काढायला आईला तू नेशील का?' तो नाही म्हणू शकतो. मग नवं पान, आणि घटनेच्या रकान्यात एवढंच: 'दादा नाही म्हणाला.'