पायोनियर एसएक्स-७८०: स्वस्त का मिळतो आणि घेताना काय बघायचं

पायोनियर या जपानी कंपनीच्या १९७८ च्या आसपासच्या रिसीव्हरांमध्ये (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) एसएक्स-७८० हा मधल्या फळीतला. खाली ५८० आणि ६८०, वर ८८०, ९८० आणि पुढचे राक्षस. याला ८ ओहमवर चॅनेलमागे ४५ वॅट. समोर चांदीरंगी ॲल्युमिनियमचं पॅनेल, वॅट दाखवणारे दोन काटे, स्टेशन लावायला जड, गुळगुळीत फिरणारा नॉब. दिसायला मोठ्या भावांइतकाच देखणा, तरी भावात बराच खाली. याचं कारण आवाजात नाही, आउटपुट स्टेजमध्ये, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या भागात आहे.

मोठ्या मॉडेलांत आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर असतात. ७८० मध्ये त्या जागी सान्योची एसटीके-००५० ही दोन हायब्रिड मॉड्यूलं (अनेक भाग एकाच ठोकळ्यात बंद केलेली) आहेत, एका चॅनेलला एक. ट्रान्झिस्टर जळला तर जोडीचा दुसरा लावता येतो. मॉड्यूल जळलं की सगळा ठोकळाच बदलावा लागतो, आणि अस्सल एसटीके-००५० चं उत्पादन केव्हाच थांबलंय. त्यामुळे शौकीन मंडळी नाक मुरडतात आणि किंमत पडते. माझं मत सांगायचं तर मॉड्यूल शाबूत असलेला ७८० हा या काळातला सगळ्यात फायद्याचा सौदा आहे. मॉड्यूल गेलेला फुकट मिळाला तरी दोनदा विचार करावा. बाकी सगळं दुरुस्त होतं. दिवे, रिले, कंडेन्सर, खरखरणारे नॉब, कशालाच घाबरायचं कारण नाही.

मग तपासायचं कसं? आधी मागची प्लेट वाचा. अमेरिकेतून आलेल्या सेटवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ असतं. इतर देशांसाठी बनलेल्या काही सेटना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, तसा मिळाला तर तोच घ्या. १२० व्होल्टचा असेल तर विकणाऱ्याकडे २३० चं १२० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आहे का ते विचारा. थेट २३० वर लावून 'चालतो की नाही बघू' म्हणणाऱ्याकडून सेट घेऊच नका.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा. २३० च्या बाजूला, स्टेपडाउनच्या आधी, १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे आणि संशयित नंबर एक म्हणजे मॉड्यूल. बल्ब मंद झाला की तो काढून पूर्ण व्होल्टेज द्या आणि कान देऊन ऐका. काही सेकंदांत आतून 'टक' असा रिलेचा आवाज यायला हवा. हा रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच, स्पीकरच्या रक्षणासाठी आहे. आउटपुटला डीसी असेल तर तो लागत नाही. 'टक' आलाच नाही तर मॉड्यूल गेलेलं असू शकतं, किंवा पॉवर सप्लाय बोर्डावरचा एखादा कंडेन्सर वाळलेला असू शकतो, किंवा प्रोटेक्शन सर्किटच बिघडलेलं. बाहेरून यातलं नेमकं काय ते कळत नाही, म्हणून असा सेट मॉड्यूल गेलंय असं धरूनच भाव करावा.

रिले लागला तर स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. दोन्ही चॅनेल ५० मिलिव्होल्टच्या आत असतील तर छान. शंभरच्या वर असेल तर कारण शोधावं लागेल. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून पुन्हा मोजा, कारण काही दोष गरम झाल्यावरच डोकं वर काढतात. मग हीटसिंकजवळ हात न्या. आवाज नसताना तो कोमट असावा. एक बाजू थंड आणि दुसरी चटका देणारी असेल तर नमस्कार करून निघा.

दुसरी एक गोष्ट हमखास आढळते. एक चॅनेल गायब, आणि व्हॉल्यूम थोडा वाढवला की 'खट' करून परत येतो. विकणारा म्हणतो मॉड्यूल निकामी होत चाललंय, घेणारा घाबरतो. बहुतेक वेळा दोष रिलेच्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टचा असतो. त्याला सॅंडपेपर मारू नका, वरचा मुलामा निघतो आणि दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. जुन्या रिलेवर छापलेलं कॉइलचं व्होल्टेज बघून नवा बसवा. काम अर्ध्या तासाचं. आणि आवाज अजिबातच येत नसेल तर सेट उघडण्याआधी टेप मॉनिटरचं (टेप डेकचा आवाज ऐकायचं) बटण बघा. ते दाबलेलं राहिलं की रेडिओ, फोनो (रेकॉर्ड प्लेयर), ऑक्स (बाहेरचं इतर उपकरण) सगळं मुकं होतं.

मॉड्यूल बदलायचंच झालं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करता येईल, पण त्या नंबराचा नवाकोरा, चकचकीत माल कुठेही दिसला तरी सावध राहा. डुप्लिकेट मॉड्यूलांवर नंबर तोच छापलेला असतो, आत मात्र लहान ट्रान्झिस्टर असतात. ते कमी आवाजाला चालतात आणि पहिल्याच मोठ्या गाण्याला जातात. भंगारात निघालेल्या सेटमधून काढलेलं जुनं अस्सल मॉड्यूल त्यापेक्षा बरं. बसवताना हीटसिंकवरची वाळलेली पांढरी पेस्ट पूर्ण खरवडून स्पिरिटने पुसा आणि नवी पेस्ट अगदी पातळ लावा. जाड थराने उष्णता उलट अडते. स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा.

मॉड्यूल मरतं ते बहुधा वापरणाऱ्याच्या हाताने. स्पीकर ए आणि बी दोन्ही लावायचे असतील तर प्रत्येक स्पीकर ८ ओहमचाच हवा. दोन जोड्या मिळून ४ ओहम होतात आणि तीच मर्यादा. ४ ओहमच्या दोन जोड्या एकत्र लावल्या की २ ओहम, म्हणजे आत्महत्या. दुसरं कारण म्हणजे स्पीकरच्या वायरीचा सुटलेला एखादा केस शेजारच्या टर्मिनलला टेकणं. टोकं पिळून त्यांना सोल्डर मारा किंवा लग लावा. आणि सेटच्या वर काही ठेवू नका. कॅबिनेटच्या जाळीतून गरम हवा वर निघायला वाट हवी.

स्टेपडाउनबद्दल जरा सविस्तर, कारण इथे लोक पैसे वाचवायला जातात. ५०० व्हीएचा, तांब्याच्या वाइंडिंगचा जड ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर चालत नाहीत. शक्यतो प्रायमरी-सेकंडरी वेगळी असलेला आयसोलेटेड प्रकार बघा. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एक टोक थेट मेनशी जोडलेलं राहतं. आउटपुट ११० चा असेल तर उत्तम. आपल्याकडे लाइन २५० वर चढली की ते १२० च होतं. शिवाय ६० हर्ट्‌झसाठी बनलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्‌झवर जास्त तापतो आणि घुमतो. गाभ्यावरचा ताण व्होल्ट भागिले हर्ट्‌झ या हिशोबाने ठरतो, म्हणून ६० ला १२० चा जो ताण तोच ५० ला १०० चा. स्टेपडाउनला १०० व्होल्टचा टॅप (वेगळं आउटपुट टोक) मिळाला तर तो वापरा, आवाजात थोडी ताकद कमी झालेली कळणारही नाही.

खरखरीवर कॉन्टॅक्ट क्लीनर. दाराच्या बिजागरीला मारायचं तेल नव्हे. पिन काढून, दहा मिनिटं थांबून, बारीक नळीने व्हॉल्यूम, बॅलन्स, टोन आणि प्रत्येक स्विचच्या फटीत थोडं थोडं मारा, तीस-चाळीस वेळा फिरवा, अर्धा तास वाळू द्या. ट्यूनिंगच्या पात्यांच्या गॅंग कंडेन्सरवर मात्र एक थेंबही नको. स्टेशनं सरकतात. मुंबई-कोकणच्या हवेत ठेवायचा असेल तर महिनोन्‌महिने बंद ठेवू नये, आठवड्यातून एकदा तासभर वाजवावा, म्हणजे ओल धरत नाही.

कंडेन्सर सरसकट बदलण्याचा एक उत्साह असतो, तो मला पटत नाही. आधी पॉवर सप्लाय आणि प्रोटेक्शन बोर्ड. मायक्रोफॅरड तेवढंच, व्होल्ट तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचा माल. एका वेळी एकच बोर्ड, आणि प्रत्येक बोर्डानंतर चालवून बघायचं. सगळं एकदम उपसलं आणि काही बिघडलं तर चूक कुठे झाली ते शोधताना नाकी नऊ येतात.

आता वापर. ऑक्सची संवेदनशीलता १५० मिलिव्होल्टच्या काळातली, आजचा डॅक (डिजिटल संगीत ॲनालॉग करणारा डबा) किंवा सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो. म्हणून नॉब जरासा हलला की घर दणाणतं, आणि त्या सुरुवातीच्या भागात व्हॉल्यूमच्या जुन्या पॉटचे डावे-उजवे सारखे नसतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक चॅनेलला ३३ किलो-ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि त्यानंतर १० किलो-ओहमचा ग्राउंडला. आवाज साधारण पाचवा हिस्सा होतो आणि नॉब मधोमध आरामात वापरता येतो. वॅटची चिंता नको. ८८ डीबीच्या स्पीकरला १६ वॅटवर मीटरभर अंतरावर १०० डीबी मिळतात. रोजच्या ऐकण्यात ते काटे एक-दोन वॅटच्या पुढे फारसे जात नाहीत.

एफएमसाठी दीड मीटरचा टी आकाराचा वायर अँटेना ३०० ओहमच्या स्क्रूंना लावा. अमेरिकन सेटवर विविध भारती जरा दबलेली, बोथट ऐकू येते, त्याला ट्यूनर दोषी नाही. तिकडे डी-एम्फसिस (प्रक्षेपणात वाढवलेले वरचे स्वर रेडिओत परत खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंद आहे, आपल्याकडे ५०. दहा किलोहर्ट्‌झला त्याने तीन डीबीच्या आसपास फरक पडतो. जाणकार मेकॅनिक स्टीरिओ डीकोडरनंतरचे दोन छोटे कंडेन्सर दोन-तृतीयांश मूल्याचे बसवून देतो. तोवर ट्रेबल एक-दोन खाच वर ठेवा आणि रेकॉर्ड लावताना परत मधे आणा.