केरीच्या कड्यावर वाट कोणी कोणाला द्यायची

गोव्यात हरमल-केरीच्या टेकडीवर स्वतःचा पॅराग्लायडर घेऊन जाणार असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: टँडमवाल्यांना, म्हणजे पर्यटकाला सोबत बांधून उडवणाऱ्या पायलटांना, तिथे कसलाही खास हक्क नाही. टेकऑफवर पोचल्या पोचल्या मला ऐकवण्यात आलं, "टँडम आला की बाजूला व्हायचं, पॅसेंजर असतो." तेही असं ठणकावून, जणू सरकारी नियमच. साफ थाप आहे.

कडा साधारण उत्तर-दक्षिण, समोर पश्चिमेला समुद्र. दुपारचा खारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्या अरुंद पट्ट्यात सगळे येरझारा घालतात. हरमलकडून उत्तरेला केरीकडे जाणाऱ्याच्या उजव्या हाताला कडा असतो. समोरासमोर आल्यावर दोघांनीही उजवीकडे वळायचं हा हवेतला नेहमीचा नियम, पण हा वळणार कुठे, दगडात? म्हणून हक्क त्याचा. केरीकडून येणाऱ्याच्या उजवीकडे मोकळा समुद्र आहे, त्याने तिकडे सरकायचं. चोर्ला घाटात चढणाऱ्या गाडीला वाट देतात, तसंच. पॅसेंजर आहे की नाही याचा इथे काही संबंध नाही.

मोपाला उतरणाऱ्या विमानांना टॉवर आहे, रांग लावून देणारा कंट्रोलर आहे. कड्यावर फक्त डोळे. आणि नेमके तेच टँडमवाल्याचे कॅमेऱ्यात असतात. गोड्या पाण्याच्या तळ्याच्या वर मी उत्तरेला चाललो होतो, समोरून हा आला. मान खाली, लांब दांडीवरचा कॅमेरा पॅसेंजरच्या तोंडासमोर. दोघांचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरला तरी अंतर सेकंदाला २० मीटरने कमी होतं; शंभर मीटरवर दिसला तर हातात पाच सेकंद. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. अगदी शेवटी त्याने उजवा ब्रेक, म्हणजे वळायची दोरी, खेचला, माझ्या समुद्राच्या बाजूने गेला, आणि त्याच्या मोठ्या विंगमागची, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखामागची, ढवळलेली हवा वाऱ्याबरोबर माझ्यावर आली. माझ्या विंगचं डावं टोक दुमडलं आणि लगेच उघडलं. खाली उतरल्यावर दम मात्र मलाच!

तेव्हा कागदावर हक्क तुमचा असला तरी कड्याला चिकटून उडू नका, एका बाजूने सुटायला जागा ठेवा. वळण नेहमी समुद्राकडे, आणि वळण्याआधी मागे बघून. पुढच्याला गाठलंत तर ओव्हरटेकच्या भानगडीत पडू नका, माघारी फिरा. उतरताना खालच्याला आधी जाऊ द्या. भरती असली की उतरायची पुळण अगदी अरुंद होते, त्यामुळे भरतीची वेळ पाहूनच निघा. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, तेव्हा मतलई वारा पाठीमागून असतो.

दुसऱ्या दिवशी गर्दी नव्हती, मनसोक्त उडालो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पैशांचं मात्र सांगतो. पठारावर एकाने 'टेकऑफ फी' म्हणून पाचशे मागितले. पावती मागितल्यावर तीनशे, तरीही पावती नाहीच. देऊ नका. सोबत कोणाला टँडम करायचं असेल तर परवाना आणि पायलटचं लायसन्स आधी बघायला मागा, रिझर्व्ह, म्हणजे संकटासाठीचं जादा पॅराशूट, आहे का ते स्वतः बघा. टाळाटाळ झाली की उठून चालू लागा. २०२५च्या जानेवारीत याच केरीच्या पठारावरून उडालेली पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट, दोघांचाही जीव गेला. त्यानंतरही तिथे भाव व्हिडिओचा आधी सांगतात, रिझर्व्हचं कोणी बोलत नाही.

परतीला टॅक्सीवाल्याच्या तोंडी लागू नका. हरमलहून म्हापशाची बस धरा, विंगची बॅग पुढे ड्रायव्हरच्या बाजूला राहते.