सात वाजताची आदळआपट

गुरुवार, 20 मे 2021

लहान मुलांचे पालक सल्ल्यासाठी फोन करतात, त्यांत सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: "पूर्वी असा नव्हता हो, आता फार हट्टी झालाय." यावर पहिला प्रश्न मुलाबद्दल विचारायचाच नाही. गेल्या दोन महिन्यांत घरात काय बदललं, ते विचारायचं. कोरोनामुळे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळ्या कमी झाल्या, पगार निम्म्यावर आला, घराचा हप्ता थकला, सिडकोतल्या दोन खोल्यांत सहा माणसं दिवसभर. आखाजीला माहेरी जाणं सलग दुसऱ्या वर्षी राहिलं. आई थकलीय, आणि मामाच्या घरचं अंगण मुलाला आठवतही नाही.

तीन वर्षांच्या पोराला हप्ता म्हणजे काय ते ठाऊक नसतं. पण पप्पांचा आवाज चढलेला त्याला कळतो, आणि चारदा हाक मारूनही आई मान वर करत नाही, हेही कळतं. अमेरिकेत 1980 च्या दशकात शेतीवर संकट आलं, तेव्हा संशोधक रँड काँगर यांनी आयोवा राज्यातल्या कुटुंबांचा अभ्यास करून ही साखळी मांडली. आधी पैशाची ओढाताण, त्यातून आईवडिलांचं खचणं, मग दोघांतली धुसफुस, आणि शेवटी मुलांवर निघणारा राग. निफाड-दिंडोरीत 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत ज्यांची द्राक्षं वेलीवर अडकली, त्यांना यात नवीन काही वाटायचं नाही. त्या अभ्यासातली मुलं वयानं मोठी होती. लहानग्यांचं तेच सगळं अंगातून बाहेर पडतं. वर्ष-दोन वर्षांचं मूल कडेवरून उतरत नाही, रात्री तीनदा दचकून उठतं. तीन-चार वर्षांचं चावतं, वस्तू फेकतं, सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात घालतं. पाच-सहा वर्षांच्याचं पोट दुखतं, तेही नेमकं आई फोनवर असताना.

आणि एक प्रकार असा, की त्याबद्दल फोनच येत नाही. अचानक 'शहाणी' झालेली मुलगी. भांडत नाही, मागत नाही, खेळ मांडला तरी खेळत नाही, मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसते. घरात गडबड असताना अशी मुलगी सोयीची वाटते. आदळआपट करणाऱ्यापेक्षा हिच्याकडे आधी लक्ष द्यायला हवं.

शुक्रवार, 21 मे

सल्ला देण्याआधी वही. साध्या वहीत चार रकाने: वेळ, त्याच्या लगेच आधी घरात काय चाललं होतं, मुलानं काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. सात दिवस, रोज दोन-तीन नोंदी पुरतात. 'त्रास दिला' असं लिहायचं नाही. 'ताटली फेकली, दहा मिनिटं रडला' असं लिहायचं. बहुतेक वह्या दुसऱ्या रकान्यात कोऱ्या येतात, आणि खरी गोम तिथेच असते.

वही नीट भरली की वेळा जुळायला लागतात. सकाळी दहा, म्हणजे पप्पांची ऑनलाइन मीटिंग. संध्याकाळी सात, म्हणजे बातम्या, स्वयंपाक आणि वाणी-दूधवाल्याच्या उधारीचा विषय एकाच खोलीत. मग बदल मुलात करायचा नसतो, त्या वेळेच्या आधीच्या अर्ध्या तासात करायचा असतो. पैशाचं बोलणं मूल झोपल्यावर, किंवा गच्चीवर. आणि सातच्या आधी, साधारण साडेसहाला, एका मोठ्या माणसानं दहा मिनिटं जमिनीवर बसून खेळायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. खेळ मूल ठरवेल. डबे, चमचे, जुनी ओढणी एवढं सामान पुरतं. "हा रंग कोणता? मोजून दाखव" हे बंद. मूल जे करतंय ते नुसतं बोलून दाखवायचं: "अरे, झाकण बसलं." दहाची पाच मिनिटं झाली तरी चालतील, पण रोज त्याच वेळी. रविवारी दोन तास आणि इतर दिवशी काहीच नाही, याचा उपयोग होत नाही. त्या दिवशी कितीही वात्रटपणा केला असला तरी ही दहा मिनिटं कापायची नाहीत. शिक्षा म्हणून हीच वेळ काढून घेतली की सगळं मुसळ केरात.

मोबाइलचं गणित वेगळं. रडल्यावर मोबाइल द्यायचा बंद केला की पहिले तीन-चार दिवस रडणं वाढतं, आणि इथेच घरं हरतात. चौथ्या दिवशी आजीनं दया येऊन दिला, की मूल शिकतं: एवढा वेळ रडायला लागतं. त्यापेक्षा आधीच ठरवून, रडण्याशी संबंध न ठेवता, जेवणानंतर वीस मिनिटं द्यावा. दोन वर्षांखालच्यांना नाहीच. दोन ते पाचसाठी दिवसभरात सगळे पडदे मिळून एक तास. मीटिंगच्या दिवशी थोडा जास्त झाला तर आभाळ कोसळत नाही. आजी-आजोबांना मात्र या ठरावात आधी घ्यावं, नंतर दोष देऊ नये.

झोपेचं: तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास लागतात. सध्या पोरं बाराला झोपतात. एकदम नऊला आणता येत नाही. आधी सकाळची उठायची वेळ पक्की करायची, मग दर दोन-तीन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं लवकर करायची.

रविवार, 23 मे

21 एप्रिलला इथल्या महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन माणसं गेली, तेव्हा तीच दृश्यं दिवसभर टीव्हीवर फिरत होती. चार वर्षांच्या मुलाला ती पुन्हा दाखवलेली आहेत हे कळत नाही, पुन्हा घडतंय असंच वाटतं. बातम्या मूल झोपल्यावर, किंवा वाचून.

"बाहेर गेलास तर कोरोना नेईल" हे वाक्य तर बंदच व्हायला हवं. तसं ऐकलेलं मूल हात धूत राहतं, दाराची कडी वाजली की पळतं.

घरातलं कुणी गेलं असेल तर "गावाला गेली" सांगू नये. मूल वाट बघतं, आणि पुढे आई खरंच गावाला निघाली की आकांत करतं. 'झोपली'ही नको, मग झोपेचीच भीती बसते. "आजी खूप आजारी होती. तिचं शरीर बंद पडलं. ती आता परत येणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही." एवढं पुरे. पाच वर्षांखालच्यांना मरण कायमचं असतं हे उमगत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी "आजी कधी येणार?" विचारणारच. तेच उत्तर, त्याच शब्दांत. देवाघरी म्हणायचं असेल तर म्हणा, पण 'परत येणार नाही' जोडूनच.

ओरडा बसतोच. बसल्यावर तासाभरात, आवाज खाली आला की दोन वाक्यं: "मी जोरात ओरडले. तू घाबरलास ना?" पुढे 'पण तूही...' जोडलं की सगळं वाया. घरात मारहाण होत असेल तर खेळ-वही बाजूला ठेवून आधी मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098 वर फोन.

अंथरुणाबद्दल आज पुन्हा विचारणा. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर ताण हे एक कारण, पण पहिलं तपासायचं ते पोट साफ होतं का. बद्धकोष्ठतेनं मूत्राशयावर दाब येतो, आणि घरात बसून पोरांचं धावणं-पाणी पिणं दोन्ही कमी झालंय. रागावू नये, पाणी तोडू नये. निजण्याआधी लघवी, चादरीखाली मेणकापड. लघवीला जळजळ, किंवा खूप तहान आणि वजन उतरणं असेल तर ताणाचा विचार नंतर. बालरोगतज्ज्ञांकडे लघवीची आणि साखरेची तपासणी त्याच दिवशी.