पातळ भाजी, सुकी भाजी आणि पोदेराचा पाव

गोव्यात सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंडा यांपैकी कोणत्याही शहराच्या बाजारपेठेत गेले, तर चार पावलांवर एखादे कॅफे सापडते आणि तिथल्या बहुतेक टेबलांवर एकच न्याहारी मांडलेली दिसते: भाजी, पाव आणि चहा. गोवा म्हटले की बाहेरून येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावरचे शॅक आणि रवा लावून तळलेले मासे उभे राहतात. त्या खाण्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र गोव्यात राहणारा, कचेरीत जाणारा, दुकान उघडणारा, बस चालवणारा माणूस शॅकमध्ये न्याहारी करत नाही. तो या कॅफेत येतो, ओळखीच्या टेबलाशी बसतो, वीस मिनिटांत खातो आणि कामाला लागतो. हे खाणे मला गोव्यातील सगळ्या खाण्यांत अधिक मोलाचे वाटते, आणि ते का वाटते हे जरा सविस्तर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

इथले कॅफे हे नाव ऐकून कॉफीचे दुकान डोळ्यांसमोर आणू नये. गोव्यात पोर्तुगीज काळापासून साध्या उपाहारगृहालाही कॅफे म्हणण्याची रीत आहे, आणि अशी बरीचशी कॅफे हिंदू कुटुंबांनी चालवलेली, शाकाहारी किंवा प्रामुख्याने शाकाहारी आहेत. पणजीत चर्च चौकालगतच्या गल्लीतले कॅफे ताटो 1913 पासूनचे आहे. कॅफे भोसले हेही पणजीकरांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक असलेले नाव. अशा ठिकाणी सजावट जवळजवळ नसतेच. घट्ट मांडलेली टेबले, भिंतीवर देवाची तसबीर, गल्ल्यावर मालक, आणि आत-बाहेर वेगाने फिरणारी मुले. मोकळे टेबल मिळण्याची वाट कोणी पाहत नाही. चारांच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या असतील तर तिथे बसावे, समोरचा माणूस आपली बशी थोडी सरकवून जागा करून देतो.

पदार्थांची छापील यादी मागण्याची गरज पडत नाही. मुलगा येऊन ‘कितें जाय?’ विचारतो आणि एका दमात नावे सांगतो: पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, टोमॅटो भाजी, चणा, बन्स, मिरची भजी, शिरा. या यादीत पातळ आणि सुकी या दोन भाज्या म्हणजे सगळ्या न्याहारीचा पाया. सुकी भाजी बटाट्याची असते. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, हळद आणि हिरवी मिरची. मसाला याच्यापुढे जात नाही. मुंबई-पुण्यात डोशाच्या पोटात जी भाजी घालतात तिच्या जवळची, पण गोव्यातली भाजी इतकी लगद्यासारखी घोटलेली नसते आणि तिखटपणात थोडी पुढे असते. पातळ भाजीचे तंत्र वेगळे आहे. रात्री भिजत घातलेले सुके वाटाणे पहाटे मऊ शिजवतात, त्यांत कांदा पडतो, आणि मग खोबरे, धणे, मिरची यांचे वाटण लागते. रस्सा दाट नसावा, पाण्यासारखाही नसावा. पाव बुडवून वर काढला की रस्सा पावात मुरलेला असावा, पण पाव तुटून बशीत पडू नये. हा नेमकेपणा रोज, शंभर बशांना साधणे ही मोठी पाककला आहे, आणि तिला कुणी पाककला म्हणत नाही याचे मला वाईट वाटते.

मी स्वतः नेहमी मिक्स मागवते. मधोमध सुकी भाजी, तिच्याभोवती पातळ भाजीचा रस्सा, वर असल्यास चिमूटभर बारीक चिरलेला कांदा. दोन भाज्या वेगवेगळ्या बशांत मागवून आपण कालवल्या तर तीच चव यायला हवी, पण ती येत नाही. आतला माणूस दोन्हींचे प्रमाण ज्या हाताने धरतो तो हात आपल्याला नसतो. टोमॅटो भाजी मागवणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. ती आंबटगोड असते, पावाबरोबर बरी लागते, पण सकाळच्या पहिल्या घासाला मला ती हलकी वाटते. चण्याची भाजी मात्र अवश्य खावी, विशेषतः ज्या ठिकाणी भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण लावतात तिथे.

आता पावाविषयी, कारण निम्मी न्याहारी तर तोच असतो. गोव्यातला पाव पोदेराकडून येतो. पोदेर म्हणजे गावचा पाववाला. भट्टी लाकडावर चालते, आणि पहाटे व पुन्हा संध्याकाळी सायकलीवर टोपली लावून, रबरी भोंपू वाजवत तो किंवा त्याची माणसे घरोघर पाव पोचवतात. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट असते, आणि ज्यांनी सुरेचा पाव खाल्ला आहे ती वडीलधारी माणसे फरक लगेच सांगतात. मऊ चौकोनी पाव सगळीकडे मिळतो, पण गोव्याची खरी समृद्धी इतर प्रकारांत आहे. उंडो हा वरून कडक, गोल आणि मध्ये चीर दिलेला असतो. पोई कोंड्याच्या पिठाची, चपटी आणि आतून पोकळ असते, त्यामुळे तिच्या पोटात भाजी भरता येते. कात्र्यांचा पाव कातरीने कापून पंखांच्या आकाराचा केलेला, आणि काकण म्हणजे बांगडीसारखे कडक कडे, ते चहात बुडवण्यासाठीच. पातळ भाजीला माझ्या मते उंड्याचे कडक कवच सर्वांत योग्य, कारण ते रस्सा पितेही आणि खाताना दातांखाली टिकतेही. सुक्या भाजीला पोई. बहुतेक कॅफे साधा पावच देतात, पण जिथे मालक उंडो ठेवतो तिथे मागून घ्यावा.

या बशीकडे मी जेव्हा जेव्हा नीट पाहते तेव्हा तिच्यामागचा इतिहास मनात येतो. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. युरोपियन पद्धतीचा पाव भाजण्याची विद्या त्यांच्याबरोबर आली, आणि दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती आपलीशी केली; पोदेरांची जुनी घराणी याच भागातली. 1560 ते 1812 या काळात, मधली थोडी वर्षे सोडून, गोव्यावर इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, सत्ता होती, आणि माणसाचा धर्म त्याच्या ताटावरून ओळखला जात होता. पावाचा तुकडा विहिरीत टाकला, नकळत ते पाणी प्यालेले सगळे गाव बाटले, अशा कथा गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात आजही घराघरांत सांगितल्या जातात. त्या प्रत्येक ठिकाणी अक्षरशः घडल्या असतील की नाही हा इतिहासकारांचा विषय आहे. पण पाव या पदार्थाविषयी हिंदू घरांत केवढी भीती आणि अढी होती हे त्यांतून स्पष्ट दिसते. शिवाय त्यात सूर असे, म्हणजे सोवळ्याच्या घरात तो येणे दोन कारणांनी अशक्य होते.

आणि आज त्याच गोव्यात, देवाच्या तसबिरीला सकाळी फुले वाहणाऱ्या शाकाहारी कॅफेत, ख्रिस्ती भट्टीतून आलेला पाव हिंदू स्वयंपाक्याच्या भाजीबरोबर एकाच बशीत येतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. भाजीतला बटाटा आणि मिरची हीदेखील मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज व्यापारातून या किनाऱ्यावर रुजलेली. खोबरे, मोहरी, कढीपत्ता मात्र आपले पूर्वापारचे. ही तडजोड कोणत्याही सभेत ठरलेली नाही. ती रोजच्या भुकेने, रोजच्या व्यवहाराने, पोदेर आणि कॅफेवाला यांच्यातल्या उधारीच्या वहीने घडवली. मला गोव्याविषयी जो जिव्हाळा वाटतो त्याचे मोठे कारण या एका बशीत आहे.

कॅफेतल्या वातावरणातही अशीच सरमिसळ असते. बोलणे कोंकणीत चालते, हातातले वर्तमानपत्र पुष्कळदा मराठी असते. गोमन्तक किंवा नवप्रभा यांची पाने टेबलावरून टेबलावर फिरतात, निधनवार्ता मोठ्याने वाचल्या जातात, नाटकाच्या जाहिरातीवरून चर्चा होते, आणि पलीकडच्या टेबलावर चर्चमधून आलेले आजी-आजोबा तीच मिक्स भाजी खात असतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या मराठी माणसाला इथे भाषेची मुळीच अडचण येत नाही. मराठीत मागितले तरी उत्तर आपुलकीने मिळते.

बन्सचा उल्लेख राहून जाता कामा नये. पिकलेली केळी, मैदा, दही, साखर, थोडे जिरे असे पीठ रात्रभर मुरवून सकाळी जाड पुऱ्या तळतात. हा पदार्थ मूळचा मंगळुरूकडचा, पण गोव्याने तो पूर्णपणे स्वीकारला आहे. नवख्या माणसाला गोडसर बन्स आणि तिखट पातळ भाजी ही जोडी विचित्र वाटते. एकदा खाऊन पाहिल्यावर मात्र त्यांतले एक दुसऱ्यावाचून अपुरे वाटू लागते. बन्स गरम असतानाच खावेत. थंड झालेला बन्स तेलकट लागतो आणि त्यावरून मत बनवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. मिरची भजी सकाळी मिळाली तरी तिची खरी वेळ दुपारी चारनंतरची. लांब जाड मिरचीला बेसनात बुडवून तळलेली ही भजी पावात घालून खाण्याची पद्धत आहे, आणि पावसाळी संध्याकाळी त्यासाठी कढईजवळ गर्दी जमते.

संध्याकाळ झाली की कॅफे मिटतात आणि खाण्याचा दुसरा अंक रस्त्यावरच्या गाड्यांवर सुरू होतो. इथला मानकरी रोस आमलेट. कांदा-मिरची घालून केलेले अंड्याचे आमलेट, त्यावर कोंबडीच्या शागोतीचा, म्हणजे मसालेदार रश्श्याचा, रस भरपूर ओतलेला, वर कच्चा कांदा आणि लिंबू, बाजूला पाव. शागोतीच्या वाटणात भाजलेले खोबरे, धणे, खसखस, सुकी मिरची आणि जायफळासारखे सुवासिक मसाले असतात, त्यामुळे या साध्या आमलेटला मेजवानीची चव येते. गाडीवरचे लोक उभ्यानेच खातात. याच गाड्यांवर काही ठिकाणी चोरिस-पाव (चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचे गोवन सॉसेज) आणि कटलेट-पावही मिळतात.

गोड खायचे असेल तर पणजीच्या फोंतेइन्यस भागात 31 जानेवारी रस्त्यावरची जुनी बेकरी आहे. तिचे नावही कॉन्फेतारिया 31 द जानेरो असेच आहे. तिथले पॅटिस आणि बेबिंक चांगले. बेबिंक हे अंड्याचा बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा आणि तूप यांचे थरांचे पक्वान्न. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतत नाहीत, म्हणून ते घाईत होत नाही. त्याचा अगदी पातळ तुकडाही पुरे होतो.

या सगळ्याची काळजी वाटते ती पोदेरांमुळे. पहाटे दोन-तीन वाजता उठून भट्टी पेटवण्याचे काम त्यांच्या मुलांना नको आहे, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. लाकूड महाग झाले, मजूर मिळत नाहीत, पावाचा भाव मात्र थोडासा वाढवला तरी गावभर ओरड होते. कित्येक भट्ट्या आता बाहेरून आलेल्या कारागिरांना चालवायला दिलेल्या आहेत. ते कष्टाळू आहेत आणि त्यांच्यामुळेच पुष्कळ गावांत अजून पाव मिळतो, पण उंडो आणि कात्रे यांसारखे वेळखाऊ प्रकार कमी होत चालले आहेत. आपण जे मागतो तेच बनते. म्हणून पावासाठी दोन रुपये जास्त मोजावे लागले तर कुरकुर करू नये, आणि कॅफेत बसल्यावर उंडो आहे का असे दरवेळी विचारावे. तीन-चार गिऱ्हाइकांनी रोज विचारले तर मालक तो आणून ठेवतो, हे मी पाहिले आहे.

बाहेरून येणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की हॉटेलच्या भाड्यात न्याहारी धरलेली असली तरी एका सकाळी ती सोडावी आणि नऊच्या आत जवळच्या बाजारातल्या कॅफेत जावे. जमल्यास श्रावणात यावे. त्या महिन्यात पुष्कळ हिंदू घरांत मासे बंद असतात, कॅफेंत गर्दी वाढते, आणि काही ठिकाणी मोड आणून सोललेल्या मुगांच्या गाठी नारळाच्या रसात शिजवून ठेवतात. मुगागाठी थोड्याच केलेल्या असतात, तेव्हा आत शिरताच आधी आपली बशी सांगून ठेवावी आणि मग बसायला जागा शोधावी.